देवाला उद्देशून लिहिताना: आध्यात्मिक नोंदवही सुरू करण्याची आणि चालू ठेवण्याची पद्धत

हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने इ. स. ३९७ ते ४०० च्या सुमारास आपल्या आयुष्याची जी कबुली लिहिली, तिचे तेराही खंड देवाला उद्देशून आहेत. लहानपणीच्या खोड्या, तारुण्यातील वासना, मित्राच्या मृत्यूने कोसळलेले मन, आईचे अश्रू हे सारे तो देवाला सांगतो आणि वाचक ते बोलणे जणू शेजारी उभा राहून ऐकतो. ख्रिस्ती नोंदवही आणि सर्वसाधारण रोजनिशी यांतील फरक समजून घेण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरेसे आहे. रोजनिशीत माणूस स्वतःविषयी स्वतःशी बोलतो; आध्यात्मिक नोंदवहीत तो देवाशी बोलतो आणि त्या बोलण्यात स्वतःचे वृत्त ओघाने येते. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे. लिहिताना वाक्ये ‘मी आज असा होतो’ याच वळणावर फिरत राहिली आणि ‘प्रभू, तू’ हे शब्द पानभर कुठेच आले नाहीत, तर लेखन प्रामाणिक असेल, उपयोगीही असेल; परंतु ती प्रार्थना झालेली नाही, हे लिहिणाऱ्याने ओळखावे.

सुरुवातीची तयारी

साहित्याविषयी फार बोलण्यासारखे नाही. साधी, शिवलेली, पाने सहज सुटणार नाहीत अशी वही आणि पेन पुरते. सुंदर, महागडी वही घेतली की तिच्यात खोडाखोड करायला आणि कच्चे लिहायला मन धजत नाही, आणि या लेखनाला कच्चेपणाची गरज असते. मोबाइलवर किंवा संगणकावर लिहिण्यात गैर काही नाही. दृष्टी कमजोर असलेल्यांना किंवा हात दुखणाऱ्यांना तोच मार्ग सोयीचा पडतो. मात्र लिहिताना सूचनांचे आवाज बंद ठेवावेत आणि फाइलला पासवर्ड असावा. ज्यांना दोन्ही शक्य आहे त्यांनी हाताने लिहावे असे माझे मत आहे, कारण हाताचा वेग विचाराच्या वेगापेक्षा कमी असतो आणि त्या मंद गतीमुळे वाक्य पूर्ण होण्याआधीच त्यातील खोटेपणा कळू लागतो.

वेळ ठरवताना महत्त्वाकांक्षा आवरावी. रोज एक तास लिहिण्याचा संकल्प बहुधा दुसऱ्या आठवड्यात गळून पडतो. दहा-पंधरा मिनिटे आणि आठवड्यातून चार-पाच दिवस एवढ्यावर सुरुवात करावी. एखादा दिवस किंवा सगळा आठवडा चुकला, तर राहिलेल्या दिवसांचे वृत्त मागाहून भरून काढू नये. आजची तारीख घालून आजपासून पुढे लिहावे. देवापुढे हजेरीपट भरायचा नसतो.

तारीख मात्र प्रत्येक नोंदीवर असावीच, आणि सालासह असावी. आज हे क्षुल्लक वाटते. तीन वर्षांनी वही उघडल्यावर तारखेवाचूनची नोंद जवळजवळ निरुपयोगी ठरते.

पहिल्या बैठकीत काय लिहावे, हा प्रश्न अनेकांना अडवतो. सोपा मार्ग असा की, देवाला एक छोटे पत्र लिहावे: या क्षणी मी कुठे आहे, कशाची भीती वाटते, कशाबद्दल कृतज्ञ आहे आणि ही वही मी का सुरू करतो आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर भक्तिमय शब्दांत सजवू नये. ‘प्रार्थना करताना माझे मन भटकते आणि लिहिले तर ते जागेवर राहील अशी आशा आहे’ हे उत्तर उत्तम आहे.

पवित्र शास्त्र हाती घेऊन लिहिणे

बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात इस्राएलाच्या भावी राजाला एक आज्ञा दिली आहे: सिंहासनावर बसल्यावर त्याने नियमशास्त्राची एक नक्कल करून घ्यावी, ती स्वतःजवळ ठेवावी आणि आयुष्यभर वाचावी. वचन लिहून काढण्याची ही सवय आजही सर्वांत भक्कम सुरुवात आहे. जो काही सुचत नाही म्हणून वही मिटतो, त्याने पाच-सहा ओव्यांचा उतारा संथपणे उतरवून काढावा. उतरवताना नजर ज्या शब्दापाशी अडखळते, तो शब्द अधोरेखित करावा. त्या दिवशी एवढेच झाले तरी चालेल.

त्यापुढची वाट बाराव्या शतकातील कार्थुसियन संन्यासी दुसरा ग्विगो याने आखून दिलेली आहे. त्याने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्यांची शिडी सांगितली. वहीत या पायऱ्या अशा उतरतात: आधी उतारा दोनदा वाचून जो शब्द किंवा प्रसंग मनाला भिडला तो लिहावा, मग तो का भिडला, तो माझ्या आजच्या कोणत्या गोष्टीला हात घालतो, हे तीन-चार वाक्यांत लिहावे, मग थेट देवाला उद्देशून एक परिच्छेद लिहावा, आणि चौथ्या पायरीवर पेन खाली ठेवावे. ही चौथी पायरी लिहिणाऱ्यांकडून हमखास सुटते. शब्दांवर प्रेम करणाऱ्या माणसाला गप्प बसणे वेळ वाया घालवल्यासारखे वाटते. दोन-तीन मिनिटांची ती शांतता टाळली, तर सगळी बैठक एकाच बाजूच्या बोलण्यात संपते.

उदाहरणासाठी मार्कच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायाच्या शेवटचा प्रसंग घ्यावा. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा भिकारी बार्तिमय येशूला हाका मारतो, लोक त्याला दटावतात, येशू थांबतो आणि त्याला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. मनाला भिडलेली जागा म्हणून हा प्रश्न निवडला, तर पुढची नोंद अशी होऊ शकते: ‘प्रभू, हाच प्रश्न तू मला विचारलास तर माझ्याजवळ उत्तर तयार नाही. मनाला शांती दे असे मी रोज मागतो, पण भावाशी पुन्हा बोलणे सुरू व्हावे असे मागत नाही, कारण ते मागितले तर आधी मलाच फोन करावा लागेल. बार्तिमयाला काय हवे ते नेमके सांगता आले. मी गोलमोल मागतो, म्हणजे तुझे उत्तरही गोलमोल असल्याचे मला म्हणता येते.’ या नोंदीत शास्त्राचे विद्वत्तापूर्ण विवेचन नाही, संदर्भग्रंथही नाहीत. वचनाने माणसाच्या एका विशिष्ट, ठिकाण सांगता येईल अशा जागी बोट ठेवले आणि त्याने ते लिहून मान्य केले, इतकेच तिच्यात आहे. अभ्यासाच्या टिपणांसाठी वेगळी वही ठेवणे बरे. दोन्ही एकत्र केल्यास अभ्यास हळूहळू प्रार्थनेची जागा घेतो, कारण अभ्यास कमी बोचतो.

रात्रीचे आत्मपरीक्षण

दिवसाच्या शेवटी लिहिणाऱ्यांसाठी संत इग्नेशियस लोयोला याची पद्धत आजही सर्वांत उपयुक्त आहे. त्याच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला पोपची मान्यता १५४८ साली मिळाली, आणि त्यात आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे दिलेले आहेत: मिळालेल्या देणग्यांसाठी देवाचे आभार मानणे, आपली पापे ओळखण्याची कृपा मागणे, दिवसाचा तासातासाने आढावा घेणे, क्षमा मागणे आणि देवाच्या साहाय्याने सुधारण्याचा निश्चय करणे.

या क्रमात आभार पहिले आहेत, आणि दिवसाची तपासणी सुरू होण्याआधी उजेड मागितलेला आहे. हा क्रम बदलू नये. जो थेट चुकांपासून सुरुवात करतो, त्याची नोंद लवकरच आरोपपत्रासारखी होते. आभारही सर्वसामान्य नसावेत. ‘आरोग्यासाठी, कुटुंबासाठी आभार’ असे रोज लिहिले की आठवड्याभरात हात लिहीत राहतो आणि मन झोपते. आजच्याच दिवसात घडलेली, काल नव्हती अशी एक गोष्ट शोधावी: कोणाचा आलेला निरोप, टळलेला वाद, एखाद्या कामाच्या मधोमध अचानक वाटलेला हलकेपणा.

आढावा घेताना प्रत्येक तासाचा वृत्तांत लिहिण्याची गरज नाही. दिवसभरातील दोन क्षण निवडावेत: एक, ज्यात प्रेम, विश्वास आणि आशा वाढल्यासारखी वाटली, दुसरा, ज्यात मन आक्रसले, कडवट झाले किंवा देवापासून दूर सरकले. या दोन अवस्थांना इग्नेशियसच्या परंपरेत सांत्वन आणि विषण्णता म्हणतात. त्या क्षणी नेमके काय घडत होते, कोण समोर होते, शरीर थकलेले होते का, हे लिहावे. महिनाभराच्या अशा नोंदींतून एक आकृती दिसू लागते, आणि ती बहुधा आपल्या अंदाजापेक्षा वेगळी असते.

एखादा विशिष्ट दोष धरून बसलेला असेल, तर त्याच पुस्तकात आणखी एक साधन आहे. एका दिवसासाठी दोन रेघा ओढायच्या, त्या दोषात पडल्याच्या प्रत्येक वेळेसाठी रेघेवर एक ठिपका द्यायचा आणि मग सकाळ-संध्याकाळ, दिवस-दिवस, आठवडा-आठवडा अशी तुलना करायची. ज्याला शब्दांत लिहिण्याची आवड नाही, त्याला हे ठिपके फार मानवतात. परंतु एका वेळी एकच दोष घ्यावा आणि काही आठवड्यांनी हे साधन बाजूला ठेवावे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. काही माणसांचे मन मुळातच अतिसूक्ष्म अपराधभावाने पछाडलेले असते. कबूल केलेले पाप पुन्हा पुन्हा उकरून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मान्रेसा येथील वास्तव्यात इग्नेशियस स्वतः या यातनेतून गेला होता, इतका की जीव देण्याचे विचार त्याच्या मनात आले. अशा व्यक्तीने रात्रीचे परीक्षण लिहूच नये, किंवा फक्त आभाराच्या टप्प्यापाशी थांबावे, आणि आपल्या धर्मगुरूशी अथवा पाळकाशी, तसेच गरज असेल तर मनोविकारतज्ज्ञाशी बोलावे. सर्वांनी सर्व पायऱ्या केल्याच पाहिजेत असे बंधन नाही.

प्रार्थनांची नोंद

ब्रिस्टॉल येथे अनाथालये चालवणारा जॉर्ज म्युलर आपल्या प्रार्थना आणि त्यांना मिळालेली उत्तरे तारखांसह नोंदवून ठेवत असे. हे अनुकरणीय आहे, कारण मागितलेले आपण विसरतो आणि मिळाल्यावर ते मागितले होते हेही विसरतो. वहीच्या शेवटून पाने उलट क्रमाने वापरावीत: डाव्या बाजूला तारीख आणि विनंती, उजव्या बाजूला मोकळी जागा. विनंती नेमकी लिहावी. मध्यस्थीच्या प्रार्थनेत इतरांची खाजगी दुःखे येतात, म्हणून तेथे पूर्ण नावाऐवजी आद्याक्षर वापरणे हा त्यांच्याविषयीचा आदर आहे.

उजवी बाजू भरताना घाई करू नये. उत्तर ‘नाही’ असेल तर तसेच लिहावे. विनंती बदलली असेल, म्हणजे आजार बरा व्हावा असे मागता मागता त्या माणसाजवळ बसण्याचे धैर्य मागू लागलो असू, तर तो बदल तारखेसह लिहावा. अनेकदा खरे उत्तर त्या बदलातच असते. आणि जी जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते, ती रिकामीच ठेवावी. तेथे भक्तिपूर्ण स्पष्टीकरण कोंबण्याचा मोह आवरावा.

देवाशी भांडण असते तेव्हा

स्तोत्रसंहितेतील विलापाची स्तोत्रे ही लिहिणाऱ्या भक्ताची मोठी संपत्ती आहे, आणि ती वापरायला लोक कचरतात. तेरावे स्तोत्र केवळ सहा ओव्यांचे आहे. पहिल्या दोन ओव्यांत ‘कुठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोन ओव्यांत स्पष्ट मागणी आहे, शेवटच्या दोन ओव्यांत विश्वासाकडे वळण आहे. हा साचा जसाच्या तसा उचलता येतो: आधी चार ‘कुठवर’ स्वतःच्या शब्दांत लिहावेत, मग मागणी लिहावी, मग विश्वासाचे एखादे वाक्य लिहिता येत असेल तर लिहावे. येत नसेल तर ओढूनताणून लिहू नये. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. त्याचा शेवट गोड करण्याची गरज संपादन करणाऱ्यांना वाटली नाही.

शोक फार तीव्र असेल तेव्हा मोकळेपणाने लिहिणे उलट जड जाते, कारण शब्दांना धरायला काही नसते. विलापगीताच्या कर्त्याने यरुशलेमेच्या विनाशावर लिहिताना पहिल्या चार अध्यायांत हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांचा क्रम पाळला आहे. अक्षरांचा तो कठोर क्रम दुःखाला आधार देतो. आपणही अशा दिवसांत एखादी मर्यादा घालून घ्यावी: फक्त सात ओळी, किंवा प्रत्येक ओळीची सुरुवात ‘प्रभू, तू पाहतोस की’ या शब्दांनी.

‘देवाने मला सांगितले’ हे लिहिण्यापूर्वी

काही जण वहीत देवाचे उत्तरही लिहितात, जणू तोच बोलत आहे अशा प्रथमपुरुषी वाक्यांत. या प्रथेविषयी मी सावध आहे. हबक्कूक आपली तक्रार मांडून बुरुजावर उत्तराची वाट पाहत उभा राहिला आणि त्याला दृष्टान्त लिहून काढण्याची आज्ञा झाली हे खरे. पण तो संदेष्टा होता. आपल्या मनात उमटलेल्या वाक्यात देवाची प्रेरणा, आपली इच्छा, आपली भीती आणि कुठेतरी ऐकलेले प्रवचन हे सगळे मिसळलेले असू शकते. आत्म्यांची पारख करा, असे योहानाचे पहिले पत्र चौथ्या अध्यायाच्या आरंभीच सांगते.

म्हणून असे वाक्य लिहायचेच असेल तर ‘मला असे वाटले की’ या शब्दांनी सुरुवात करावी आणि समासात प्रश्नचिन्ह द्यावे. नंतर तीन कसोट्या लावाव्यात: ते शास्त्राच्या शिकवणीशी जुळते का, त्यातून प्रेम आणि नम्रता वाढते का, की स्वतःचे महत्त्व वाढते, आणि विश्वासातील एखाद्या परिपक्व व्यक्तीला ते वाचून दाखवण्याची आपली तयारी आहे का. तिसऱ्या कसोटीला मन कचरत असेल, तर निर्णय लांबणीवर टाकावा.

निर्णयांच्या बाबतीत वही आणखी एका प्रकारे उपयोगी पडते. विषण्णतेच्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नये, हा इग्नेशियसचा नियम प्रसिद्ध आहे, परंतु तो पाळायचा तर आधीचा निर्णय कोणत्या कारणांनी घेतला हे आठवायला हवे, आणि विषण्ण मन तेच नेमके विसरते. त्यामुळे महत्त्वाचा निर्णय घेताना दोन्ही बाजूंची कारणे, प्रत्येक बाजूचा विचार करताना आलेली मनःस्थिती आणि तारीख हे सारे लिहून ठेवावे. इग्नेशियसने स्वतः असेच केले होते. त्याच्या खाजगी टिपणांचा जो भाग आज उपलब्ध आहे, तो फेब्रुवारी १५४४ ते फेब्रुवारी १५४५ या काळातील आहे, आणि त्याच्या आरंभीच्या भागात आपण स्थापलेल्या येशूसंघाने दारिद्र्याचे व्रत कोणत्या स्वरूपात पाळावे या प्रश्नावर तो दिवसामागून दिवस प्रार्थना करताना दिसतो.

क्वचित असा अनुभव येतो की ज्यापुढे पद्धतशीर नोंद हास्यास्पद ठरते. गणितज्ञ ब्लेझ पास्कल याला २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री असा अनुभव आला. त्याने तारीख, रात्री साधारण साडेदहा ते साडेबारा ही वेळ आणि ‘अग्नी’ हा शब्द लिहिला, त्याखाली तुटक ओळी लिहिल्या. १६६२ साली त्याच्या मृत्यूनंतर तो मजकूर त्याच्या अंगरख्याच्या अस्तरात शिवलेला सापडला. अशा वेळी वाक्ये पूर्ण करण्याच्या भानगडीत पडू नये. तारीख, वेळ आणि तुटक शब्द पुरेत.

मागे वळून वाचणे

लिहिणारे पुष्कळ असतात, लिहिलेले पुन्हा वाचणारे थोडे. माझ्या मते या साधनेचा निम्म्याहून अधिक लाभ पुनर्वाचनात आहे. सत्त्याहत्तराव्या स्तोत्राचा कर्ता रात्रभर तळमळतो, देव कृपा करायला विसरला काय असे विचारतो, आणि त्याचे मन वळते ते देवाची पूर्वीची कृत्ये आठवल्यावर. स्मरणासाठी आधी नोंद असावी लागते.

दर महिन्याच्या शेवटी एक बैठक केवळ वाचनासाठी राखावी आणि त्या दिवशी नवे लिहू नये. वाचताना वेगळ्या रंगाच्या पेनाने समासात खुणा कराव्यात: पुन्हा पुन्हा आलेला शब्द, पूर्ण झालेली प्रार्थना, तीच ती भीती, आणि जिच्याविषयी कधीच लिहिलेले नाही अशी गोष्ट. ही शेवटची खूण शोधायला कठीण असते, पण सर्वांत अधिक शिकवते; वर्षभराच्या नोंदींत पैशाचा उल्लेखच नसेल, किंवा घरातील एका माणसाचे नाव कुठेच नसेल, तर ते मौन प्रार्थनेत मांडावे. जुन्या नोंदी खोडू नयेत, सुधारू नयेत. त्या वेळचा राग आज लाजिरवाणा वाटला, तर खाली आजच्या तारखेने एक ओळ लिहावी.

वर्षातून एकदा, शक्यतो ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात किंवा वाढदिवसाच्या आसपास, सगळे वर्ष वाचून एका पानाचा गोषवारा लिहावा आणि तो पाळकाशी किंवा आध्यात्मिक मार्गदर्शकाशी बोलताना सोबत न्यावा. सगळी वही कोणाला देण्याची गरज नाही. वहीत पापकबुली लिहिणे हा तोंडी कबुलीला किंवा दुखावलेल्या माणसाची क्षमा मागण्याला पर्याय ठरत नाही. लिहून मोकळे वाटले की काम झाल्याचा भास होतो, म्हणून अशा नोंदीखाली ‘कोणाशी बोलायचे’ एवढे शब्द आणि नाव लिहून ठेवावे.

गोपनीयता आणि भरलेल्या वह्या

आपले लेखन कोणी वाचेल अशी शंका असली की हात आपोआप सजवून लिहू लागतो. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने आपली खाजगी दैनंदिनी संक्षेप आणि सांकेतिक चिन्हांत लिहिली आणि प्रकाशनासाठीची दैनंदिनी वेगळी तयार केली. दोन्ही हेतू एकाच वहीत साधू नयेत. ज्याला साक्ष म्हणून काही सांगायचे किंवा प्रसिद्ध करायचे आहे, त्याने ते नंतर, वेगळे, इतरांची नावे वगळून लिहावे. वही कुठे ठेवायची हे घरच्यांना ठाऊक असावे आणि ती उघडायची नाही हेही त्यांना स्पष्ट सांगितलेले असावे. लपवून ठेवण्यापेक्षा हे सांगणे बहुधा अधिक परिणामकारक ठरते.

मृत्यूनंतर या लेखनाचे काय व्हावे हेही वेळीच ठरवावे. मदर तेरेसा यांनी आपली आध्यात्मिक पत्रे नष्ट करावीत अशी इच्छा व्यक्त केली होती. ती जपली गेली आणि २००७ साली प्रसिद्ध झाली. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हामारशोल्ड १९६१ साली विमान अपघातात मृत्यू पावले, तेव्हा त्यांच्या न्यूयॉर्कमधील घरी त्यांच्या आध्यात्मिक टिपणांचे हस्तलिखित सापडले, आणि ते प्रसिद्ध करण्याची मुभा देणारे पत्र त्याच्यासोबत ठेवलेले होते. आपणही वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहाव्यात: ही वही कोणाच्या हाती द्यावी, आणि त्या व्यक्तीने ती वाचावी, जपावी की न वाचता जाळावी. वाचून झालेल्या जुन्या वह्या स्वतःच नष्ट करण्यातही काही चूक नाही; तसे करण्यापूर्वी वार्षिक गोषवाऱ्याची पाने आणि प्रार्थनांच्या नोंदीची पाने कापून वेगळी ठेवावीत.